कित्ता कोणता घ्यावा? घरी शिकणाऱ्या मुलांच्या अक्षराविषयी वाचकांचे प्रश्न

घरीच शिकणाऱ्या, सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या हस्ताक्षराविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. गोव्यात एकाच मुलाला मराठी-कोंकणीची देवनागरी आणि इंग्रजीची रोमन अशा दोन लिप्या जवळजवळ एकाच वयात हाताळाव्या लागतात, म्हणून दोन्हींचा विचार केला आहे.

प्रश्न : आमची मुलगी सहा वर्षांची आहे आणि आम्ही तिला घरीच शिकवतो. बाजारात गिरवायच्या वह्या आहेत, इंटरनेटवर परदेशी अभ्यासक्रम आहेत, सुलेखनाचे ऑनलाइन वर्गही आहेत. यातलं नेमकं काय निवडावं? एकच अभ्यासक्रम मराठी आणि इंग्रजी दोन्हींना चालेल का? (एक पालक, फोंडा)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. एकच अभ्यासक्रम दोन्हींना चालत नाही. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लोंबतं, रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं. शिवाय मराठीत मात्रा डोक्यावर, उकार पायाशी आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते. परदेशी वहीत या पसाऱ्याला जागाच नसते. तेव्हा मराठीचा कित्ता वेगळा आणि इंग्रजीचा वेगळा, हे धरूनच चला. इंग्रजीविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे, इथं मराठीचं पाहू.

वही विकत घेण्याआधी मुलीचा हात तयार आहे का ते तपासा. कोऱ्या कागदावर उभी रेघ, आडवी रेघ, गोल, अधिकचं चिन्ह, चौकोन, तिरप्या रेघा, फुली आणि त्रिकोण काढून दाखवा आणि तिला बघून काढायला सांगा. साधारण सव्वापाच-साडेपाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना हे सगळे आकार जमू लागतात. फुली आणि त्रिकोण सर्वांत शेवटी येतात, कारण तिरपी रेघ ओढताना हात एकाच वेळी खालीही न्यायचा असतो आणि बाजूलाही. ती रेघ जमत नसेल तर 'र'चा पाय, 'ब'च्या पोटातली रेघ आणि 'ष' हमखास अडतात. अशा वेळी वहीची घाई नको. ताटात रांगोळी पसरून बोटानं आकार काढणं, भिंतीवरच्या फळ्यावर खांद्यापासून हात फिरवत मोठ्या रेघा ओढणं, हे दीड-दोन महिने करा.

हात तयार असेल तर दुकानात जा आणि वही मधूनच कुठंतरी उघडा. अक्षरावर बाण आणि १, २, ३ असे आकडे छापलेले आहेत का? नसतील तर ती वही मुलीला अक्षराचा आकार दाखवेल, पण हात कुठून कुठं न्यायचा ते सांगणार नाही. आणि हस्ताक्षर ही हाताच्या हालचालीची सवय आहे. एकदा चुकीच्या बाजूनं बसलेली सवय मोडायला नवीन अक्षर शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मग ओळीत ठिपक्यांची अक्षरं किती आहेत ते मोजा. ओळभर ठिपकेच असतील तर मूल ठिपके जोडत जातं. सुरुवात कुठं, वळण कुठं, थांबायचं कुठं यातलं काहीच त्याला ठरवावं लागत नाही. 'ठ' उलट्या दिशेनं फिरवला तरी पान स्वच्छच दिसतं आणि आईबाबांना वाटतं छान चाललंय. चांगल्या वहीत ओळीच्या सुरुवातीला एक ठळक अक्षर, मग दोन ठिपक्यांची आणि पुढं नुसत्या सुरुवातीच्या टिंबासह मोकळी जागा असते. गिरवणं दोन-तीनदा पुरे, बाकीचं मुलानं स्वतः काढायचं.

तिसरी गोष्ट रेघांची. दुरेघी वहीत अक्षराचं अंग दोन रेघांमध्ये बसतं, पण मात्रेला वर आणि उकाराला खाली जागा लागते. कित्येक वह्यांमध्ये रेघांच्या जोड्या इतक्या खेटून छापलेल्या असतात की वरच्या ओळीतल्या 'कु'चा उकार खालच्या ओळीतल्या 'कै'च्या मात्रांत घुसतो. सहा वर्षांच्या मुलासाठी दोन रेघांतलं अंतर सुरुवातीला एक ते दीड सेंटीमीटर आणि दोन जोड्यांमधली मोकळी जागा त्याच्या निदान पाऊणपट हवी. अशी वही मिळाली नाही तर एक जोडी सोडून लिहायला लावा किंवा कोऱ्या कागदावर पट्टीनं आखून घ्या.

गोव्यातल्या दुकानांत देवनागरी म्हणून हिंदीच्या वह्याही त्याच गठ्ठ्यात ठेवलेल्या असतात, तेव्हा हेही बघून घ्या. खाली टिंब दिलेले ड़ आणि ढ़ दिसले आणि 'ळ' कुठंच नसला तर ती वही हिंदीची आहे. 'ल' आणि 'श' यांची वळणंही तिथं वेगळी असतात : हिंदी वळणाच्या 'ल'ला उजवीकडे सरळ दंड असतो, मराठी 'ल'ला दोन पाकळ्या. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा या दोन अक्षरांची मराठी वळणंच प्रमाण धरली. पहिलीतल्या मुलाला दोन प्रकारचे 'ल' दाखवून गोंधळात टाकायचं कारण नाही.

अक्षरांचा क्रम सर्वांत महत्त्वाचा. वही 'अ, आ, इ, ई'नं सुरू होत असेल तर ती वाचनासाठी ठीक, लेखनासाठी नाही. वर्णमाला उच्चाराच्या जागांप्रमाणे लावलेली आहे. हाताच्या दृष्टीनं 'अ' आणि 'इ' ही अवघड अक्षरं आहेत. म्हणून आपल्याकडं पूर्वापार 'ग म भ न'पासून सुरुवात होते आणि त्यामागं पक्कं कारण आहे. 'ग' काढताना वरून खाली उभी रेघ यायची, तळाशी डावीकडं छोटी गाठ, मग शेजारी पूर्ण उंचीचा दंड आणि शेवटी डोक्यावर रेघ. हीच गाठ पुढं आडवी ओढून दंडाला नेऊन टेकवली की 'म' होतो. 'म'च्या डाव्या रेघेला वरती वळसा दिला आणि शिरोरेघ तिथं तोडली की 'भ'. गाठ मधोमध घेऊन सरळ दंडापर्यंत नेली की 'न'. चार अक्षरांत मुलाच्या हाताला दंड, गाठ, आडवी ओढ आणि शिरोरेघ एवढं मिळतं, आणि 'मन', 'नग', 'गगन', 'नमन' असे शब्दही लगेच लिहिता येतात.

पुढं 'व ब क', 'प ष फ', 'र स ख', 'त ल', 'ट ठ ढ द', 'घ ध', 'च ज', 'ड ह इ', 'थ य', 'उ ऊ', 'अ आ ओ औ' असे गट घेता येतील. गटांच्या क्रमात थोडा फरक चालेल, पण 'घ' आणि 'ध' एकाच दिवशी घेऊ नका. 'भ', 'ध' आणि 'थ' या तिघांची शिरोरेघ डावीकडं तुटलेली असते हे एकत्र दाखवा, म्हणजे 'म-भ' आणि 'घ-ध' यांचा गोंधळ बराच टळतो. 'ख' लिहिताना 'र'चा पाय पुढच्या 'व'ला खालून जोडला गेलाच पाहिजे. नाहीतर 'खत'चं 'रवत' होतं.

रोजचा वेळ १५ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. त्याहून जास्त बसवल्यानं अक्षर सुधारत नाही, शेवटच्या दहा ओळी बिघडलेल्या हातानं लिहिल्या जातात आणि सराव त्या बिघडलेल्या अक्षराचाच होतो. पहिली ५ मिनिटं पाटीवर नवं अक्षर, पुढची ७-८ मिनिटं वहीत दोन-तीन ओळी, शेवटी मुलीनंच प्रत्येक ओळीतलं तिला सर्वांत चांगलं वाटलेलं अक्षर शोधून त्याला गोल करायचा. आठवड्याला ३ नवी अक्षरं धरली तर मुळाक्षरांना १६-१७ आठवडे लागतात. त्या वेळात तुम्ही तिच्या न लिहिणाऱ्या हाताच्या बाजूला बसा आणि नजर हातावर ठेवा. पान नंतरही बघता येतं, हात कसा फिरला ते तेव्हाच दिसतं. म्हणूनच, ज्या ऑनलाइन वर्गात शिक्षकाला फक्त मुलीचा चेहरा दिसतो तो या वयात उपयोगाचा नाही. कॅमेरा वरून वहीवर लावायला सांगणारा वर्ग असेल तर विचार करायला हरकत नाही.

प्रश्न : इंग्रजीसाठी हँडरायटिंग विदाउट टिअर्स, झेनर-ब्लोझर, डी'नीलियन, इटालिक अशी नावं वाचनात आली. फरक काय? मुलगा आठ वर्षांचा आहे, सुटी अक्षरं बरी काढतो. शाळेत जाणारी त्याची भावंडं कर्सिव्ह, म्हणजे जोडून लिहितात. त्यालाही शिकवावं का? (मडगाव)

या चारही अमेरिकेतल्या पद्धती आहेत आणि चारांनीही मुलं नीट लिहायला शिकतात. फरक अक्षराच्या वळणात आणि क्रमात आहे.

हँडरायटिंग विदाउट टिअर्स ही जॅन ऑलसेन या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं (रोजची कामं करायला लागणारी हाताची कौशल्यं सुधारणाऱ्या तज्ज्ञानं) तयार केलेली पद्धत. अक्षरं सरळ उभी, आधी कॅपिटल आणि मग स्मॉल, वहीला चारऐवजी दोनच रेघा. कॅपिटल अक्षरं मोठी रेघ, छोटी रेघ, मोठा कंस आणि छोटा कंस अशा चार प्रकारच्या लाकडी तुकड्यांतून जुळवायची असतात. ते तुकडे परदेशातून मागवण्याची गरज नाही. जाड पुठ्ठ्याचे ८ मोठ्या रेघा आणि बाकीचे तिन्ही प्रकार ६-६ असे २६ तुकडे कापले की झालं. त्यांचा पाटीवरचा सराव आपल्या घरात अगदी सहज होतो आणि तो मराठीलाही जसाच्या तसा लागू पडतो. पाटीवर तुम्ही खडूनं अक्षर काढा. मुलानं स्पंजच्या ओल्या तुकड्यानं त्यावरून हात फिरवत ते पुसायचं, मग कोरड्या फडक्याच्या टोकानं त्याच वाटेनं पुन्हा जायचं आणि शेवटी खडूनं स्वतः काढायचं. एकच अक्षर तीनदा होतं आणि कंटाळाही येत नाही. स्पंज बोटाच्या पेराएवढाच घ्या. मोठा घेतला की मूल तो मुठीत धरतं.

झेनर-ब्लोझरमध्ये सरळ छापील अक्षरं असतात आणि कर्सिव्ह नंतर स्वतंत्रपणे शिकवतात. डी'नीलियन ही डोनाल्ड थर्बर यांनी १९७८ मध्ये आणलेली पद्धत. त्यात सुटी अक्षरंही तिरकी आणि शेवटी छोटी शेपूट असलेली, म्हणजे पुढं ती जोडणं सोपं. पण ती पुस्तकातल्या छापील अक्षरासारखी दिसत नाहीत, आणि काही मुलं शेपटीच इतकी लांबवतात की शब्द पसरट होतो. गेटी-ड्युबे इटालिकमध्ये सुरुवातीचीच अक्षरं पुढं एकमेकांना जोडली जातात. कर्सिव्हसारखे फास, म्हणजे रेघेचे वळसे, नाहीत आणि नवीन आकार फारसे शिकावे लागत नाहीत.

हात अजून कच्चा असलेल्या सहा वर्षांच्या मुलाला पहिली पद्धत आम्ही सुचवू. तुमच्या मुलाची सुटी अक्षरं बसलेली आहेत, त्याला इटालिक सर्वांत कमी कष्टाची पडेल. मात्र घरातलं मोठं माणूस ज्या वळणानं रोज लिहितं ते मुलाच्या डोळ्यांसमोर असतं, तेव्हा तुम्हाला स्वतःला जी पद्धत सहज लिहिता येते तिला झुकतं माप द्या. परदेशी संच मागवण्याआधी त्यांचं नमुना पान छापून आठवडाभर चालवून बघा.

कर्सिव्ह यायलाच हवं असं नाही. वाचता येणारं सुटं अक्षर कुठल्याही परीक्षेत चालतं. मुलाला स्वतःला आवड असेल तर मात्र अवश्य शिकवा. वर्णक्रमानं नको, हालचालीच्या गटांनी शिकवा : आधी आय, टी, यू, डब्ल्यू, मग सी, ए, डी, जी आणि नंतर फासाची एल, ई, एच, के. खरी गाडी अडते ती बी, ओ, व्ही, डब्ल्यू या चार अक्षरांपाशी. बाकी सगळी अक्षरं खालच्या रेघेवरून पुढच्या अक्षरात जातात, ही चार मधल्या उंचीवरून जातात, त्यामुळं पुढच्या अक्षराची सुरुवातच बदलते. 'ओए', 'डब्ल्यूआर', 'बीआर', 'व्हीई' अशा जोड्या वेगळ्या काढून आठवडाभर करा. बहुतेक वह्यांमध्ये यांना एकच ओळ दिलेली असते.

प्रश्न : घरात मराठी आणि कोंकणी दोन्ही आहेत, इंग्रजी तर हवंच. तिन्ही लेखनं एकदम सुरू करावीत का? (म्हापसा)

हाताच्या हिशेबानं ही दोनच लेखनं आहेत. देवनागरी कोंकणीला मराठीचाच कित्ता पुरतो, ल आणि ळ दोन्हींत लागतात. कोंकणीत 'हांव', 'तूं', 'कितें' अशी टिंबं जास्त येतात. टिंब कुठल्या अक्षरावर द्यायचं याकडे तेवढं लक्ष ठेवा, कारण मुलं ते शब्दाच्या शेवटी ढकलतात.

देवनागरी आणि रोमन यांत मात्र किमान तीन महिन्यांचं अंतर ठेवा. मूल ज्या भाषेत आधी वाचायला लागलं आहे तिची लिपी पहिली. दुसरी सुरू केल्यावर वह्या वेगळ्या, वेळ वेगळी : एक सकाळी, दुसरी दुपारी. सुरुवातीचे आठवडे मुलं इंग्रजी अक्षरं वरच्या रेघेला लोंबकळवतात आणि मराठी अक्षरं खालच्या रेघेवर बसवतात. त्यावर एक साधा उपाय आहे. मराठीच्या वहीत वरच्या रेघेवर पिवळा हायलायटर फिरवा आणि इंग्रजीच्या चाररेघी वहीत ज्या रेघेवर अक्षर बसतं तिच्यावर. रंगीत रेघेला अक्षर चिकटलं पाहिजे, एवढा एकच नियम मुलाला सांगायचा. महिन्या-दीड महिन्यात रंगाची गरज उरत नाही.

इंग्रजीत स्मॉल बी आणि डी उलटसुलट होत असतील तर ती एकाच आठवड्यात शिकवली गेली असण्याची शक्यता फार. डी हे सी, ए, जीच्या गटात घ्या, म्हणजे ते गोलापासून सुरू होतं. बी हे एच आणि पीच्या गटात, उभ्या रेघेपासून सुरू होणारं. मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या. सात वर्षांपर्यंत अधूनमधून उलटं झालं तर घाबरू नका.

प्रश्न : नातू डावखुरा आहे, वय सहा. मी त्याला घरी मराठी शिकवते. उजव्या हातानं लिहायची सवय लावावी का? डाव्या हातानं लिहिताना तो मनगट वाकडं करतो आणि पान काळं होतं. (एक आजी, साखळी)

आजी, हात बदलू नका. डावखुरेपण मेंदूच्या घडणीतून येतं. हात बदलायला लावला की अक्षर आणि वेग दोन्ही मागं पडतात आणि मूल लिहायला कंटाळतं. जेवण आणि पूजा उजव्या हातानं करायची असेल तर ते वेगळं शिकवता येतं, त्यात लेखन ओढू नका.

मनगट वाकडं होतं ते बहुधा पान सरळ ठेवल्यामुळं. आपण काय लिहिलं हे हाताखाली झाकलं जातं, म्हणून तो हात वरून वळवून आणतो. वही त्याच्या छातीच्या मध्यापासून थोडी डावीकडं सरकवा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा, इतकी की पानाचा खालचा उजवा कोपरा त्याच्या पोटाकडं येईल. साधारण ३० अंश पुरतात. टेबलावर त्या कोनात रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा म्हणजे रोज सांगावं लागणार नाही. पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटीमीटर वर धरायला लावा, तिथं रबरबँड गुंडाळला की बोटं घसरत नाहीत. उजेड उजवीकडून हवा.

शिरोरेघ उजवीकडून डावीकडं ओढली तर ओढू द्या. डाव्या हाताला डावीकडून उजवीकडं जाताना पेन्सिल ढकलावी लागते आणि टोक कागदात रुततं. गोलाच्या दिशेबाबत मात्र आग्रह धरा, कारण 'ठ' किंवा 'व' उलट फिरवला तर पुढं जोडाक्षरात अडचण येते. कित्त्याचं अक्षर फक्त डाव्या टोकाला छापलेली वही त्याला उपयोगाची नाही, ते त्याच्या हाताखालीच जातं. तुम्ही उजव्या टोकालाही तेच अक्षर लिहून द्या. आणि शिकवताना शेजारी न बसता त्याच्या समोर बसा.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. ती पेन्सिल अंगठा वरून गुंडाळून धरते. रबरी ग्रिप घ्यावी का? (वास्को)

आधी चार गोष्टी बघा : पाच मिनिटांत हात दुखतो का, बोटांची पेरं पांढरी पडतात का, मागच्या पानावर उठाव येतो का, अक्षर वाचता येतं का. दुखत नसेल आणि अक्षर वाचता येत असेल तर पकडीच्या मागं लागू नका. तीन बोटांची पकड उत्तम, पण चार बोटांच्या पकडीनंही मुलं तितक्याच वेगानं लिहितात.

दुखत असेल तर ग्रिप विकत घेण्याआधी पेन्सिल तोडून ५-६ सेंटीमीटरची करा. एवढ्याशा तुकड्याला मूठ बसतच नाही, बोटांच्या टोकांनीच धरावी लागते. करंगळी आणि अनामिकेखाली कापडाचा छोटा बोळा धरायला द्या, म्हणजे ती दोन बोटं आत मिटलेली राहतात. टेबलाची उंची तपासा. कोपर टेकलं की खांदा उचलला जाता कामा नये, पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले हवेत. तळहाताएवढ्या जाडीची बॉक्स फाइल उतरती ठेवून तिच्यावर वही ठेवली की मनगट आपोआप योग्य वळतं. बोटांत जोर यायला पीठ मळणं, आठळ्या सोलणं, अबोलीचा वळेसर करणं, चिमट्यानं चिंचोके उचलून बाटलीत टाकणं ही कामं कुठल्याही महागड्या साहित्याइतकीच चांगली.

तीन-चार महिने नियमित शिकवूनही अक्षरं उलटी येत असतील, हात दुखतो म्हणून ती लिहायचं टाळत असेल आणि वाचनही अडखळत असेल, तर आधी डोळे तपासा, मग बालरोगतज्ज्ञांकडून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडं जा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. पुढं परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक लागला तर तपासणी आणि प्रमाणपत्र वेळेत झालेलं बरं.

प्रश्न : पावसाळ्यात वहीचा कागद मऊ पडतो, खोडरबरानं फाटतो, शाई पसरते. (काणकोण)

दमट हवेत कागदाचे तंतू ओलावा घेऊन फुगतात. एचबी पेन्सिल मग फिकी उमटते, मूल जोर लावतं आणि कागदावर चर पडते. जून ते सप्टेंबर २बी पेन्सिल वापरा, ती हलक्या हातानं काळी उमटते. ती जास्त फरफटते, म्हणून हाताखाली कोरा कागद ठेवायचा. वही ८० जीएसएम किंवा त्याहून जाड कागदाची घ्या आणि काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर नको. मोठ्या मुलांना या दिवसांत शाईपेन आणि जेलपेनऐवजी साधा बॉलपेन द्या, त्याची शाई तेलकट असल्यानं पसरत नाही. नवीन अक्षरांसाठी पाटी तर बारा महिने चांगली.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा. अक्षर सुरेख, पण फार हळू लिहितो. पुढं एनआयओएसच्या परीक्षा द्यायच्या आहेत. (पणजी)

एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त मूलभूत शिक्षणाच्या ए, बी आणि सी या पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. वेग तीन प्रकारे मोजा : बघून लिहिणं, ऐकून लिहिणं आणि मनानं लिहिणं. प्रत्येकी एक मिनिट, अक्षरं मोजायची, तारीख टाकून ठेवायची. तुलना त्याच्या मागच्या महिन्याशी करा, दुसऱ्या मुलाशी नको.

फक्त बघून लिहिण्यात मागं असेल तर तो एकेक अक्षर बघत असणार. शब्द बघ, झाक, लिही, अशी सवय लावा. मनानं लिहितानाच थांबत असेल तर अडचण हाताची नाही, मजकूर सुचण्याची किंवा शुद्धलेखनाची आहे. कित्ता गिरवून ती सुटणार नाही. तिन्हींत हळू असेल तर त्याचा हात बघा. बहुधा तो प्रत्येक अक्षरावर वेगळी शिरोरेघ देतो. शब्द पूर्ण करून एकच रेघ ओढायला शिकवा. पाच अक्षरी शब्दात चार वेळा हात उचलणं तिथंच वाचतं. पहिल्या वेलांटीतही असाच वेळ जातो. कानाला 'कि'मध्ये क आधी ऐकू येतो, म्हणून मुलं आधी क लिहितात आणि मग मागं येऊन वेलांटी कोंबतात. उभा दंड आधी, मग अक्षर, मग वरची कमान अक्षराच्या दंडापर्यंत, हा क्रम दहा-बारा शब्दांत पक्का करा : दिवस, किनारा, चिकू, पिशवी, मिरची, शिडी. लिहिताना तोंडानं 'दंड, अक्षर, कमान' म्हणायला लावलं तर लवकर बसतो.

खोडरबर काही दिवस बाजूला ठेवा. सुरेख अक्षराची मुलं सर्वांत जास्त वेळ खोडण्यात घालवतात. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढं जायचं. परीक्षेत पेनानं लिहायचं असतं, तिथं हीच सवय कामाला येते.

प्रश्न : टॅबवर बोटानं अक्षर गिरवायचे ॲप चालतील का? (पेडणे)

अक्षर ओळखायला चालतील, लिहायला नाही. काच गुळगुळीत असल्यानं बोटाला रोध मिळत नाही, आणि बहुतेक ॲप रेघ वाटेवरून थोडी सरकली तरी 'शाब्बास' म्हणतं. वापरायचंच असेल तर सुरुवात चुकीच्या टोकाकडून केल्यास पुढं जाऊ न देणारं ॲप निवडा, स्टायलस द्या, पाच मिनिटांहून जास्त वेळ नेऊ नका आणि लगेच तेच अक्षर पाटीवर काढून घ्या.